किमयाचे बूट

१० नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरांनी रोज सकाळी प्रेशर मोजून लिहून ठेवायला सांगितलं आहे. हरेशने कंपनीतून मिळालेली या वर्षाची डायरी काढून दिली. जानेवारीपासून सगळी पानं कोरी. म्हणाला, "बाबा, आजच्या तारखेच्याच पानावर लिहा, नायतर घोळ होईल." आज १६२ आणि ९४. एवढं लिहूनही पान बरंच उरलं आहे. माझी शाळा चौथीपर्यंत. तीही पेणच्या खाडीकडची, मीठ काढायच्या दिवसांत मास्तर एकटेच वर्गात बसायचे. पण अक्षर बरं आहे. उरलेल्या जागेत प्रेशर का वाढलं ते लिहितो.

काल माझी नात किमया सायकल घेऊन डोंगरात गेली होती, ती लंगडत परत आली. डाव्या नडगीवर एका ओळीत चार भोकं. कुत्रं चावल्यासारखी. तिची आई वैशाली हळद दाबत होती आणि बडबडत होती. किमया म्हणाली, "पायडलवरून पाय सटकला आणि पायडल उलटं फिरून लागलं. सगळ्यांना लागतं, आबा." सगळ्यांना लागतं म्हणून मला बरं वाटायला हवं की काय?

ती सतरा वर्षांची आहे. १४ डिसेंबरला गागोदे बुद्रुकच्या डोंगरात जिल्ह्याच्या संघाची निवड आहे. म्हणजे अजून पाच आठवडे ती दगडधोंड्यांतून उतारावर सायकल सोडणार. मी देवाला काही बोललो नाही, पण मनात आलं की ही निवड रद्द झाली तर बरं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

१५८ आणि ९२.

किमया कॉलेजला गेल्यावर सायकल नीट बघितली. पायडल म्हणजे तळहाताएवढा सपाट पत्रा, आणि त्यावर बारीक लोखंडी खिळे. एका बाजूला दहा. बोट लावलं तर टोचलं. असलं पायडल कोणी आणि का केलं असेल?

संध्याकाळी विचारलं, "खिळे कशाला गो?"

"पाय धरून ठेवायला. बुटाच्या सोलमध्ये रुततात."

"मग धरला का नाय?"

"माझे बूट पळायचे आहेत. टाच जाड, खाली खाचाच खाचा. खिळा खाचेत गेला की तो धरणार कशाला? आणि सोल एवढा फुगीर की पाय पायडलवर आहे की हवेत, तेच समजत नाही."

हे मला लगेच कळलं. मी तीस वर्षं मिठागरात अनवाणी होतो. पाणी सोडायच्या आधी जमीन पायांनी तुडवून घट्ट करायची असते, सिमेंटसारखी. कुठे पोकळ आहे, कुठे भेग आहे, ते डोळ्यांना दिसत नाही. तळव्यालाच कळतं. मी तिला म्हणालो, "पायाला खालचं कळलं पायजे." ती माझ्याकडे बघतच राहिली. "आबा, काळुराम सर अगदी हेच सांगतात."

काळुराम सर तिच्या कॉलेजचे खेळाचे मास्तर. सायकलही त्यांच्या मंडळाचीच आहे. जी चालवेल तिच्याकडे राहते.

मी ठरवलं आहे की सायकल बंद करणं माझ्या हातात नाही, तर निदान बूट तरी बरोबर मिळाले पाहिजेत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

किमयाबरोबर रोह्याचा पूल ओलांडून पलीकडे अष्टमी गावात गेलो. रघूचं चपलांचं दुकान माझ्या ओळखीचं. रघूने खाली दात असलेले फुटबॉलचे बूट काढले. "काका, हे डोंगराला धरतील बघा."

किमया म्हणाली, "डोंगराला नाही धरायचं, पायडलला धरायचं. हे दात खिळ्यांवर बसले की उलट घसरतात."

मग मी माझ्या मनात दोन दिवस असलेलं बोललो. गमबूट घ्यावेत. गुडघ्यापर्यंत रबर, नडगीला काही लागायचं नाही.

किमया एवढी हसली की दुकानातली बाई वळून बघायला लागली. "आबा, मी शर्यतीला जाते, गटार काढायला नाय!"

रघू म्हणाला, "काका, तुम्ही बसा. चहा सांगतो."

मी बसलो. पण बसल्या बसल्या हात लावून बघत होतो. शाळेचे कापडी बूट खालून सपाट आहेत, पण दोन्ही हातांनी वाकवले तर पुरीसारखे दुमडतात. ते पायडलवर मधोमध वाकतील आणि पायाचा तळवा दुखेल. चालायचे बूट कडक आहेत, पण त्यांच्या रबरात नख रुतत नाही, काचेसारखं आहे. सपाट पाहिजे, मध्ये कडक पाहिजे आणि खालून चिकट पाहिजे. तिन्ही एका बुटात नाहीत. रिकाम्या हाताने आलो.

१६ नोव्हेंबर, रविवार

काळुराम सर घरी आले होते. मी त्यांना पाय सटकतो त्याचं विचारलं. ते म्हणाले, पायडलची दुसरीही एक जात असते. बुटाच्या खाली लोखंडी खटका, तो पायडलला अडकतो. मग पाय सुटायचा प्रश्नच नाही.

"आणि पडली तर?"

"पाय जरा फिरवला की सुटतो, आबा."

"आणि फिरवायचं विसरली तर?"

सर हसले. "तर सायकलसकट पडते."

ते हसले कसे, मला समजत नाही. किमयाला माझं तोंड दिसलं असावं. ती म्हणाली, तिला ते नकोच आहेत. वळणावर पाय पटकन खाली टेकता आला पाहिजे. सपाट पायडलच बरं. आज पहिल्यांदाच तिचं आणि माझं एकमत झालं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सरांनी या कामाचे खास बूट मोबाइलवर दाखवले. घरपोच येतात. सपाट सोल, रबर मऊ, बोटांपुढे कडक टोपी म्हणजे दगड लागला तरी अंगठा वाचेल, आणि आतल्या घोट्यापाशी जाड गादी. नाडीचं टोक खोचायला पट्टी आहे, नाहीतर नाडी साखळीत जाते. हे मी विचारलं म्हणून कळलं. कोणालाच आठवलं नव्हतं.

मापाची भीती. वैशाली म्हणाली, नेहमीचाच नंबर टाका. मी म्हणालो, नाही, संध्याकाळी पाय सुजलेला असतो, तेव्हाचं माप घ्या. किमयाला याच डायरीच्या मागच्या पानावर उभं केलं आणि पेन्सिलीने दोन्ही पाय काढले. उजवा पाय डाव्यापेक्षा भाताच्या दाण्याएवढा मोठा निघाला. उजव्याचं माप दिलं. हरेश म्हणाला, "बाबा, तुमी दुकानच काढा आता."

प्रेशर १४८. बरं वाटतं आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

बूट आले. काळे, कडेला पिवळी रेघ. मी आधी नख लावलं. रबरात नख रुततं आणि हळूहळू जागा भरून येते. अंगठा दाबून ओढला तर चिकटून कुईकुई आवाज येतो. दोन्ही हातांनी वाकवला, मधे वाकला नाही. किमयाने घातले आणि घरभर चालली. फरशीवर चिकट आवाज येत होता, जशी ओली कोळंबी ताटातून ओढावी.

"कसं वाटतं गो?"

"आबा, मी जमिनीला शिवलेली आहे असं वाटतं."

एवढं चांगलं काही आमच्या घरात कोणाच्या पायात आलं नसेल. पण मला एक काळजी लागून राहिली आहे. इतकं मऊ रबर, त्यात डोंगरातली धूळ, ओढ्याचं पाणी, परत ऊन. आठ दिवसांत भेगा पडतील.

२६ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी सगळे बाहेर असताना मी बुटांना तेल पाजलं.

नवीन वहाण तेल पाजल्याशिवाय पायात घालू नये, असं माझ्या वडिलांनी शिकवलं. माझ्याकडे पेणच्या माझ्या बहिणीने, बायजाबाईने दिलेलं करंजाचं तेल होतं. कडू असतं, पण उंदीर कुरतडत नाही, चामडं फाटत नाही आणि आम्ही मिठागरवाले पायांच्या भेगांनाही तेच लावतो. कापडाचा बोळा करून वरून, कडेने आणि खालून नीट चोळलं. तळाला जास्त, कारण मार तिथेच बसतो. रबराने तेल प्यायलं, वर काही राहिलं नाही. उन्हात तासभर ठेवून परत एक हात दिला आणि पुसून जागेवर ठेवले.

किमयाला सांगितलं नाही. गमबुटांच्या वेळी हसली तशी हसली असती.

वैशाली आल्या आल्या म्हणाली, "कसला कडवट वास येतो हो?" मी म्हणालो, शेजारी काहीतरी जाळत असतील.

३० नोव्हेंबर, रविवार

किमया पडली. उजवं मनगट मुरगळलं, हनुवटी खरचटली. हाड मोडलेलं नाही, फोटो काढला. दवाखान्यात मला खुर्चीत बसवून ठेवलं होतं, कारण मीच पांढरा पडलो होतो.

तिला विचारलं तर सांगते, उतारावर दगडावरून सायकल उडाली आणि पाय पायडलवर राहिलाच नाही. आधी दोनदा डावा सटकला, मग उजवा. "एवढे चांगले बूट आणि तरी पाय राहत नाही, आबा."

हे बूट कंपनीने नकली पाठवले असणार. सरांना म्हणालो. ते म्हणाले, "आबा, बूट एक नंबर आहेत. मी स्वतः निवडलेत. नडगीला लागल्यापासून पोरीच्या मनात भीती बसली आहे. भीती बसली की पाय हलका पडतो." ते म्हणाले तेव्हा किमया तिथेच होती.

२ डिसेंबर, मंगळवार

बूट बाहेर वाळत ठेवले होते. तळाला सगळी धूळ चिकटून कडक थर झाला आहे. मी म्हणालोच होतो, ऊन लागून रबर कडक होणार. ओल्या फडक्याने पुसून परत तेल दिलं. बाटली संपली.

५ डिसेंबर, शुक्रवार

मनगट बरं आहे म्हणून किमयाने आज शेजारच्या वरसे गावच्या मैदानावर सायकल चालवून बघितली. मी बाकावर बसलो होतो. मैदान सपाट, तिथे दगड नाही, उतार नाही. ती उभी राहून पायडल मारायला लागली आणि पाय सटकला. परत मारलं, परत सटकला. तिसऱ्या वेळी ती सायकलवरून उतरली आणि सायकल हातात धरून माझ्याकडे चालत आली.

"आबा, सर बरोबर बोलतात. मीच भित्री आहे."

मी म्हणालो, "चल घरी, चहा घेऊ."

घरी तिने सरांना फोन केला. निवडीला येत नाही. सरांनी आठ दिवस विचार कर म्हणून सांगितलं, पण तिचा विचार झाला आहे. पुढच्या शुक्रवारी, १२ तारखेला, ते सायकल परत न्यायला येतील.

खरं लिहितो. मला फार बरं वाटलं. देवाजवळ न बोललेलं देवाने ऐकलं असं वाटलं.

प्रेशर १३८ आणि ८४. डॉक्टर खूश होतील.

७ डिसेंबर, रविवार

घरात शांतता आहे. किमया अभ्यास करते. वैशालीने वालाचं बिरडं केलं होतं. किमयाला फार आवडतं, पण तिने अर्धं पानात टाकलं. हरेश म्हणाला, "काय गो, पोट बिघडलं का?" ती म्हणाली, "नाय पप्पा." आणि उठली.

ती हल्ली बोलत नाही. विचारलं की उत्तर देते, तेवढंच. रस्ता ओलांडतानाही थांबून राहते, रिकामा असला तरी. मला हेच हवं होतं ना? सावध पोरगी. पण बघवत नाही.

८ डिसेंबर, सोमवार

एसटीने पेणला जाऊन आलो. बहिणीकडून तेल आणायचं होतं. बायजाबाई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, खाडीकाठच्या जुन्या घरी एकटीच राहते, आणि अजून मला जन्याच म्हणते.

"काय रं जन्या, एवढं तेल प्यालास काय? दिवाळीला तर बाटली भरून दिली."

मी सगळं सांगितलं. बूट, पायडल, पोरगी पडली ते. तेल पाजलं ते. ती सुपात वाल निवडत होती. हात थांबला.

"बुटाच्या तळाला तेल लावलंस?"

"व्हय. भेगा पडू नयेत म्हणून."

"आणि ते घालून पोर चढली त्या लोखंडावर?"

"व्हय."

"जन्या, सखा कसा पडला इसरलास व्हय?"

सखा आमचा मधला भाऊ. मिठाची टोपली डोक्यावर घेऊन फळीवरून ढिगावर चढताना टोपलीसकट खाऱ्या पाण्यात पडला होता. सगळे वर्षभर हसत होते. त्याचा हात कायमचा वाकडा राहिला. मी आजवर सगळ्यांना सांगत आलो की फळी ओली होती.

"फळी कोरडी ठणठणीत होती," बायजाबाई म्हणाली. "पाय फुटले म्हणून सकाळीच तेल चोपडून गेलेला तो. मुकादमाने त्या दिवसापासून सगळ्यांचे तळवे बघायला सुरुवात केली. तेल दिसलं की घरी हाकलायचा. तेल कामावरून आल्यावर लावायचं, जाताना नाय. तुला काय सांगायचं? तूच दुसऱ्यांना शिकवायचास."

मी शिकवायचो. नवीन माणूस आला की पहिली गोष्ट मीच सांगायचो. तीस वर्षं सांगितलं.

"तोंड का पाडलंस? जा, सांग पोरीला. आणि ही बाटली ठेव, तुझ्याच पायाला लाव. झोपताना."

परत येताना कंडक्टरने दोनदा विचारलं, कुठे जायचं. रोहा म्हणायला मला वेळ लागला.

९ डिसेंबर, मंगळवार

सांगितलं नाही. ती परीक्षेच्या गडबडीत होती.

१० डिसेंबर, बुधवार

ती रिकामी होती. माझ्याशेजारी बसून भाजी निवडली. मी सांगितलं नाही.

इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. मी बोललो तर ती परत डोंगरात जाणार. नाही बोललो तर परवा सर सायकल घेऊन जातील आणि संपलं. तिची हाडं शाबूत राहतील. ती पुढे लग्न करेल, नोकरी करेल, सायकलचं विसरेल. एवढ्याशा गोष्टीने कोणाचं काय बिघडतं? तेलाचं मला आणि बायजाबाईला सोडून कोणालाच माहीत नाही. बायजाबाईकडे मोबाइल नाही.

मग किमया भाजी निवडता निवडता म्हणाली, "आबा, तुम्ही मिठागरात कधी घाबरायचात का?"

"रोज."

"मग सोडलं का नाही?"

"सोडून जायचं कुठे?"

ती म्हणाली, "तरी तुम्ही घाबरून काम केलंत. माझा पायच टिकत नाही. सर म्हणतात मनातलं पायात उतरतं. म्हणजे माझ्या मनातच खोट आहे. ती कशी काढायची ते मला कळत नाही."

मी मेथीच्या काड्या पानांत टाकत होतो. तिने गुपचूप वेगळ्या केल्या.

प्रेशर मोजलं नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

संध्याकाळी सगळे घरात असताना बूट हातात घेऊन उभा राहिलो आणि सांगून टाकलं. "हे बूट मी तेलात भिजवलेत. म्हणून तुझा पाय सटकतो. तुझ्यात काय खोट नाय."

किमयाने बूट घेतला, अंगठ्याने तळ दाबला, नाकाजवळ नेला.

"किती वेळा?"

"तीन हात. दोन पहिल्या दिवशी, एक तू पडल्यानंतर."

वैशाली म्हणाली, "तरी मी म्हणत होते कसला वास! आणि शेजाऱ्यांना मी उगाच बोलून आले." हरेशला हसू आलं. त्याने तोंडावर हात ठेवला तरी खांदे हलत होते.

"हसू नका, पप्पा," किमया म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुम्हाला कधी कळलं, आबा?"

हे ती विचारेल असं मला वाटलं नव्हतं. खोटं बोलता आलं असतं.

"सोमवारी. बायजाबाईने सांगितलं."

"आज गुरुवार आहे."

"व्हय."

"काल मी तुमच्याजवळ बसून बोलत होते."

"व्हय."

"तेव्हा का नाही बोललात?"

मी म्हणालो, "तू घरी राहशील म्हणून."

हरेशचं हसू थांबलं. मग किमयाने दुसरा बूटही माझ्या हातातून घेतला आणि दोन्ही मोरीत नेले. ब्रशचा आवाज बराच वेळ येत होता. मी मदतीला जाऊन दारात उभा राहिलो, तर म्हणाली, "आबा, नको. आता तुम्ही हात लावू नका."

१२ डिसेंबर, शुक्रवार

बूट वाया गेले. साबण, सोडा, नारळाची शेंडी, सगळं करून बघितलं. वरचं तेल निघतं आणि थोड्या वेळाने आतून परत पाझरतं. रबर फुगलं आहे आणि एका बाजूने सोल सुटला आहे. दुसरे यायला आठ दिवस लागतील. निवड परवा.

सर सायकल न्यायला आले होते. किमयाने त्यांना सगळं सांगितलं. सरांनी बूट उचलून तळ दाबून बघितला. मग तिला म्हणाले, "मी बूट उचलून बघायला हवा होता. न बघता तुला भित्री म्हणालो. चुकलं माझं." सायकल न घेताच गेले.

मी माझ्या खोलीत बसलो होतो. दुपारी किमया आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "चला, अष्टमीला. तुम्हाला सोल कळतात, मला वेळ नाही."

तिने पाना लावून सायकलचं एक पायडल काढलं होतं आणि ते पिशवीत घेतलं. हे मला पहिल्या वेळी का सुचलं नाही?

रघूच्या गल्ल्यावर तिने पायडल ठेवलं. रघू म्हणाला, "बूट घ्यायला आलात की पंक्चर काढायला?" मी काढायला लावले तेवढे बूट त्याने काढले. एकेक बूट खिळ्यांवर दाबायचा आणि आडवा ओढायचा. सरकला तर बाजूला. आठ-दहा सरकले. मग मी वरच्या फळीवर धूळ खात पडलेला एक निळा जोड मागितला. चाकांच्या फळीवर खेळणाऱ्या पोरांसाठी रघूने कधीतरी आणले होते, कोणी घेतले नाहीत. खालून ताटासारखे सपाट. दाबून ओढला तर बुटाबरोबर पायडलही गल्ल्यावरून ओढत आलं.

किमयाने स्वतः ओढून बघितलं. परत बघितलं. "टोपी कडक नाही. दगड लागला तर अंगठ्याला लागेल," ती म्हणाली.

"लागेल," मी म्हणालो. "आतली बाजूही पातळ आहे. मधे जरा वाकतात, लांबच्या चढाला तळवा दुखेल. पण सटकणार नाय."

"नक्की?"

"नक्की."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. बघणं काही प्रेमाचं नव्हतं. माझा शब्द ती तोलून बघत होती. मग रघूला म्हणाली, "पिशवी नको, घालूनच जाते."

१४ डिसेंबर, रविवार

गागोद्याहून आत्ताच आलो. मी जाणार नव्हतो. सकाळी टेम्पोत सायकल चढवताना किमया म्हणाली, "बूट तुम्ही निवडलेत. बघायला तुम्ही पाहिजे."

डोंगराच्या पायथ्याशी वालाच्या शेताला लागून बांध आहे, तिथे मला बसवलं. उतारावरची वाट तिथूनच येते. दगड, मुळं, मध्येच खड्डा. एकेक पोर धूळ उडवत खाली येत होतं आणि मी प्रत्येकाच्या पायांकडे बघत होतो, तोंडं मला आठवत नाहीत. एक मुलगी माझ्यासमोर पडली. मी उठून उभा राहिलो, पण ती उठून सायकलवर बसून गेलीसुद्धा.

मग निळे बूट दिसले. टाचा खाली सोडलेल्या, गुडघे वाकलेले. ती खड्ड्यावरून आली तेव्हा दोन्ही चाकं जमिनीवर नव्हती. डोळे मिटावेसे वाटले. पण मिटले असते तर पाय राहिला की नाही ते मला कोणी सांगितलं असतं? सायकल आपटली. दोन्ही पाय जिथल्या तिथे. ती माझ्यावर धूळ उडवून वळणाआड गेली. हाक मारायची राहिली.

तासाभराने आली. अंगठा सुजला होता. नाड्या सोडत बांधावर माझ्या शेजारी बसली.

"नववी आले, आबा."

"किती घेणार?"

"पाच."

"पाय?"

"पाय कुठे हलला नाही. चढावर दम गेला. त्या पेणच्या मुली चढाला कसल्या भारी आहेत, तुम्ही बघायला हव्या होत्या." मग म्हणाली, "डबा कुठे आहे?" आणि तीन भाकऱ्या खाल्ल्या.

काळुराम सर येऊन कोणत्या चढावर कोणता गिअर टाकायला हवा होता ते सांगायला लागले, तर ही तोंडात घास असतानाच त्यांच्याशी भांडायला लागली.

सोमवार ते गुरुवारचं ती अजून विसरलेली नाही. टेम्पोत ती मागे सायकलजवळ बसली, मला पुढे ड्रायव्हरशेजारी बसवलं. वाटेत मी निवडीचा विचार करत होतो. नववी. आणखी चार जणींना मागे टाकलं असतं तर माझी नात जिल्ह्याच्या संघात गेली असती. मला फार वाईट वाटलं. त्या वाईट वाटण्याच्या तळाशी कुठे बरं वाटणं शिल्लक आहे का, ते रोहा येईपर्यंत मी चाचपून बघत होतो. सापडलं नाही.